रेघेची जाडी

ऑफिसात नवी टेबलं आली तो सोमवार होता. मी आपला नेहमीसारखा पट्टी, पेन्सिल, खोडरबर मांडून बसलो, चहाचा कप कुठे ठेवावा म्हणून जागा शोधू लागलो आणि टेबलाच्या लाकडात मला एक गाठ दिसली. छान होती. बदामाएवढी, तपकिरी, भोवती रेषांची वळणं. बोटाने चाचपली तर हाताला काही लागेना. मग हातभर अंतरावर दुसरी दिसली, अगदी तशीच. तिसरीही तशीच, आणि तिच्याही डाव्या अंगाला तीच बारीक चीर. म्हटलं, अरेच्चा! हे लाकूड नाहीच. हा लाकडाचा फोटो आहे, एकापुढे एक छापलेला, आणि बत्तीस वर्षं नोकरी केलेला मी, एक ड्राफ्ट्समन, त्याला बोटाने चाचपत बसलोय. यात घाबरण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण मी हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला खरा. समोर कुणाच्या तरी जिन्याचा अर्धवट नकाशा पडला होता. एकदम वाटलं, आपणही जन्मभर हेच केलं की. लोकांच्या इमारतींचे नकाशे काढले, शेकडो जिने काढले, आणि त्यातल्या एकाही पायरीवर पाय ठेवला नाही. पलीकडच्या टायपिस्ट बाईंनी विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "टेबलाला गाठ आहे." त्या म्हणाल्या, "मग बदलून मागा की." आणि पुन्हा टायपायला लागल्या.

त्यात दुपारी मेहुण्याचा फोन आला. हा बायकोचा भाऊ, मोठा शांत माणूस, आवाज चढवायचा नाही आणि कामाचं सोडून बोलायचं नाही. म्हणाला, "भाओजी, गॅरेज सोडतोय. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ताईंचं लाकूड उचला. नाहीतर मी बेकरीच्या भट्टीला देऊन टाकतो, राग मानू नका." राग कसला मानू? अकरा वर्षं त्याने ते ठेवून घेतलं होतं. ताईंचं लाकूड म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा हातमाग. त्याचे उभे आडवे खांब मेहुण्याच्या गॅरेजात, बसायचा बाक आणि आडवा धागा नेणारे धोटे ताईच्या एका खोलीच्या घरात, आणि मुख्य तुळई आमच्या पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. त्या तुळईला माझ्या बायकोने अकरा वर्षं पायाची करंगळी आपटलेली आहे. पहाटे उठली की धप्प, आणि मग माझ्या माहेरासकट— म्हणजे पुरुषाला माहेर असतं तर त्यासकट— सगळ्यांचा उद्धार. पण तुळई हलवा असं ती एकदाही म्हणाली नाही. कारण त्या चादरीत काय आहे ते तिलाही ठाऊक होतं. जुनं घर सोडायची वेळ आली तेव्हा ताई मागावर एक कापड विणत होती. निम्मं झालं होतं. मी म्हटलं, "ताई, आत्ता माग सोडव. दोन महिन्यांत तुझ्या त्या गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर शेड उभी करून देतो. मी स्वतः नकाशा काढतो." तिने माझ्याकडे पाहिलं. ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, तिने कापला नाही. विणलेलं, न विणलेलं, धागा ठोकून बसवायची फणी, दोऱ्यांच्या चौकटी, सगळं आहे तसं तुळईवर गुंडाळलं आणि चादरीत बांधलं. दोनच महिन्यांचा तर प्रश्न होता! त्यावर मी अकरा वर्षं झोपलो.

नकाशे मात्र काढले, नाही काढले असं म्हणायला जागा नाही. सतरा काढले. पहिला साधा होता, तिसऱ्यात पडवी आली, सहाव्यात पोटमाळा. नवव्यात मी असा काही जिना काढला होता की आमचे मुख्य आर्किटेक्टही बघून वा म्हणाले. प्रत्येक नकाशा गुंडाळी करून ताईकडे नेला. ती चष्मा लावून नीट बघायची, "सुरेख काढलंयस हं, बाळ्या," म्हणायची आणि गुंडाळी कपाटावर ठेवायची. मी छप्पन्न वर्षांचा झालो तरी तिला बाळ्याच. लहानपणी मी तिच्या मागाखाली बसून अभ्यास करायचो. वर फणीचा दणका, खाली माझे पाढे. दणक्याबरोबर पाढा पुढे सरकायचा, दोरा तुटून माग थांबला की मीही अडायचो. आई म्हणायची, ह्याला गणित येत नाही, मागाला येतं. आता ताई सदुसष्टची. गुडघे कुरकुरतात. पाय मागाच्या पट्ट्या आणखी किती वर्षं दाबतील हा हिशोब मला अधूनमधून सुचायचा, आणि सुचला की मी नवा नकाशा काढायला घ्यायचो. त्या सोमवारी संध्याकाळी घरी आलो, पलंगाखाली वाकून चादरीला हात लावला आणि अठरावा नकाशा काढला. चौकोन. सहा मीटर बाय चार, आठ खांब, एका बाजूला उतरतं छप्पर. अर्ध्या तासात झाला. बायको भांडी पुसत होती, डोकावून म्हणाली, "अहो, ह्यात जिना नाही?" मी म्हटलं, "नाही." त्या रात्रीच्या जेवणात मला अंडं एक जास्त होतं.

आता ताईच्या तुकड्याशेजारी एक निवृत्त ट्रकड्रायव्हर राहतो. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. आदल्या वर्षीच्या वादळात बांधावरची झाडं आडवी झाली होती, काही त्याची, काही ताईची, आणि ती कुजू देण्यापेक्षा घरच्या घरी कापावीत म्हणून त्याने एक यंत्र जुळवलं होतं. यंत्र म्हणजे काय, तर साखळीची करवत एका लोखंडी चौकटीत आडवी घट्ट बसवलेली, आणि ओंडक्यावर घराची ॲल्युमिनियमची शिडी ठोकायची. शिडीवरून चौकट सरकत जायची, की खाली सपाट काप. पहिल्या रविवारी मी नकाशा घेऊन गेलो तेव्हा त्याने आधी माझे बूट पाहिले, मग नकाशा पाहिला. "साहेब, खांबांना लाकूड आहे. पत्रे एका पाडलेल्या गोदामाचे पडलेत माझ्याकडे. नटबोल्ट ट्रकचे. फळ्यांचं काय?" मी ऐटीत दुसरा कागद काढला. नऊ ओंडके. प्रत्येक चौकोनी करून अठ्ठावीस सेंटिमीटर. फळी अडीचची. म्हणजे एका ओंडक्याच्या अकरा, नऊंच्या नव्व्याण्णव. भिंती, दार, छपराच्या पट्ट्या सगळं धरून अठ्ठ्याण्णव लागतात, एक उरते. त्या उरलेल्या एका फळीचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! ड्रायव्हरने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. म्हणाला, "बरं."

मग करवत सुरू झाली आणि मला काही ऐकू येईनासं झालं. खरं सांगतो, इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. वरची साल निघाली आणि आतून लाकूड उघडं पडलं, ओलसर पिवळं, आणि वास असा की मी करवत थांबायची वाट न बघता नाक खाली नेलं. ड्रायव्हर ओरडला. गाठी होत्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एक तर इतकी वेडीवाकडी की कागदावर कुणी काढली असती तर मी खोडायला लावली असती. मी फळ्या मोजत होतो. पाच, सहा, सात, आठ. आणि मग ओंडका संपला. मी म्हटलं, "अजून तीन राहिल्या." ड्रायव्हरने करवत बंद केली. "कुठल्या तीन?" "अकरा व्हायला हव्यात." तो शिडीवर टेकून बसला, कपाळ पुसलं आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मी घोट्यापर्यंत भुशात उभा होतो. "त्या काय तिथं," तो म्हणाला. "साहेब, साखळी आठ मिलिमीटर खाते दर कापाला. धरलं नाहीत होय?" नाही धरलं. कसं धरणार? कागदावर रेघेला जाडी नसते हो! बत्तीस वर्षं मी रेघा मारल्या, एका खोलीच्या दोन खोल्या केल्या, आणि मधल्या रेघेने कधी काही खाल्लं नाही. मी खाली बसलो, भुसा ओंजळीत घेतला. ऊबदार होता. नऊ गुणिले तीन, सत्तावीस फळ्या मी जमेला धरल्या होत्या आणि त्या कधी जन्मालाच येणार नव्हत्या. म्हणजे एक लांब भिंत गेली. वर दारही गेलं. आणि गंमत बघा, तोंडात मारल्यासारखा बसलो होतो तरी आतून हसू फुटत होतं. माझी पहिली खरी चूक होती ती. आजवरच्या चुका खोडरबराने जायच्या.

हसू लौकर आटलं, कारण ताईला काय सांगायचं? तिला मी फोनवर नव्व्याण्णव सांगून बसलो होतो. दुसऱ्या कुणाकडे झाड पडलेलं नव्हतं, आणि बाहेरून फळ्या आणायच्या तर ऑर्डर देऊन महिना-दीड महिना, तोवर मेहुण्याची मुदत संपणार. मी ड्रायव्हरकडून वचन घेतलं की तो काही बोलणार नाही. तो म्हणाला, "मी कशाला बोलू? भिंत नाही हे दिसेलच की." आणि ताईला मी बजावलं, पूर्ण होईपर्यंत तू यायचं नाहीस, तुला एकदम दाखवायचंय. "बरं," ती म्हणाली. "किती वाजता उठतोस रविवारी? डबा नेतोस ना?" भिंतीचं एक अक्षर विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी सांगून मोकळा झालो असतो. आठवडाभर ऑफिसात त्या छापील गाठींवर कागद पसरून मी सत्तावीस फळ्यांचं गणित मांडायचो. फळी पातळ केली तर? भिंत बुटकी केली तर? टायपिस्ट बाई म्हणाल्या, "अजून टेबल बदलून मिळालं नाही वाटतं."

पण रविवार आला की ही सगळी कटकट बसमधून उतरतानाच गळून पडायची. खड्डे खणले, आठ, कमरेपेक्षा खोल. पहिल्या खड्ड्यानंतर माझ्या हाताला फोड आले आणि मी ते सोमवारी ऑफिसात चहा देणाऱ्याला मुद्दाम दाखवले. खांबांचे बुंधे जाळून काळे केले, वरून डांबर फासलं. काटकोन काढायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हर डोळ्यावर हात धरून अंदाज घ्यायला लागला. मी म्हटलं, बाजूला व्हा. दोरी घेतली, तीन-चार-पाचचा त्रिकोण मांडला, मग दोन्ही कर्ण मोजले. बोटभराचाही फरक नाही! ड्रायव्हरने स्वतः पुन्हा मोजून पाहिले. "आयला, साहेब!" म्हणाला. बत्तीस वर्षांत मला प्रमोशनं मिळाली, घड्याळ मिळालं, पण अशी आयला कुणी दिली नव्हती. खांब उभे करताना मात्र माझीच फजिती. ओळंबा लावला की वरचा भाग उजवीकडे, खालचा डावीकडे, मध्ये पोट. मी दोरी सोडून नुसता चरफडत उभा. ड्रायव्हर म्हणाला, "झाड आहे ते. जरा वाकडं उभं राहण्याचा त्याला हक्क आहे." आम्ही दोघांनी मिठी मारून एकेक खांब खड्ड्यात उतरवला. साल काढलेला खांब गार लागतो, गालाला डिंक चिकटतो. माती भरायची, पहारीने ठेचायची, पुन्हा भरायची. आठवा खांब उभा राहिला तेव्हा मी त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. छप्पर नाही, भिंत नाही, आणि तरी आत होतो. पायाखाली गवत, आणि आत! हे कुठल्याही नकाशात मला कधी जाणवलं नव्हतं. मोठ्याने ओरडावंसं वाटलं, मग ओरडलोच. पलीकडच्या शेतातल्या बाईने मान वर करून पाहिलं.

सहाव्या रविवारी पत्रे चढले होते, तीन भिंती ठोकून झाल्या होत्या. लांबची चौथी बाजू नुसती उघडी. मी शिडीवर चढून शेवटचे खिळे मारत होतो आणि मनाशी वाक्यं जुळवत होतो. ताई, असं आहे की. ताई, त्याचं काय झालं. तेवढ्यात रस्त्यावर टेंपो वाजला. वळला, थेट आत आला. मागे दोरखंडाने बांधलेले मागाचे खांब, आणि पुढे चालकाशेजारी दोघी बायका, एक माझी ताई आणि एक माझी बायको, मांड्यांवर आडवी चादरीतली तुळई धरून. माझा हातोडा पडला. बायको खाली उतरली, म्हणाली, "आज सकाळी तुम्ही गेलात आणि आम्ही पलंग सरकवला. करंगळी वाचली एकदाची!" मग तिने शेडकडे पाहिलं. "अहो, दार कुठंय?" मी म्हटलं, "राहिलंय." "आणि ही भिंत?" ड्रायव्हर एकदम कामात गुंतला, खिळे वेचायला लागला. नव्हते तिथलेही वेचत होता.

मी शिडीवरून उतरलो. म्हटलं, "ताई, चुकलं माझं. करवतीची जाडी धरली नाही मी. सत्तावीस फळ्या भुशात गेल्या. पण ऐक, बाकी सगळं भक्कम आहे, कर्ण तपासून बघ, एवढी भिंत होऊ दे, मग माग लावू. फार नाही, दोन महिने—" आणि ते शब्द माझ्याच तोंडून मला ऐकू आले. दोन महिने. मान खाली घातली आणि रडायलाच आलं मला, छप्पन्नाव्या वर्षी, कानात भुसा घेऊन. ताई काठी टेकत शेडच्या आत गेली. एका खांबाला हाताने थापटलं, दुसऱ्याला थापटलं. वर पाहिलं. चहूकडे पाहिलं. आणि खुदकन हसली. "अरे, मी धरली होती," ती म्हणाली.

"काय धरली होतीस?"

"कापड मागावरून उतरलं की चार बोटं आकसतं. विणणारी बाई ते आधीच धरून चालते, बाळ्या. तू कबूल केलेलंही आकसतं. चार भिंती म्हणालास, तेव्हाच मी मनात कमी धरल्या. खरं सांगू का? दोनच धरल्या होत्या. ही एक जास्तच निघाली."

बायको टेंपोला टेकून इतकी हसली की चालकही हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. मी म्हटलं, "आणि पाऊस आला तर?" "तर पडदा विणीन. माग कशाला आणलाय मग?" ताई उघड्या बाजूकडे तोंड करून उभी राहिली. उजेड थेट तिच्या कमरेपर्यंत येत होता. "सतरा नकाशे काढलेस मेल्या, आणि प्रत्येकात मला टपालाच्या पेटीएवढी खिडकी. विणायला उजेड लागतो हे तुला कुणी सांगितलं नाही? मीही नाही सांगितलं म्हणा. वाटायचं, एवढं मन लावून काढतोय, कशाला त्याचा हिरमोड करा." हे मला भिंतीपेक्षा लागलं. म्हणजे ती अकरा वर्षं नकाशांकडे बघत होती आणि माझं मन सांभाळत होती! मी काही बोलणार तोवर तिने बाहेर हाक मारली, "उतरवा हो लाकूड! आधी ते उभे दोन!"

दुपारभर आम्ही माग जोडला. ताईने मागे केव्हातरी लाकडांवर खडूने आकडे घातले होते ते कधीच पुसले गेले होते, आणि मला धसका होता की आता हे कोडं सुटायचं नाही. तिला आकड्यांची गरजच नव्हती. बाकावर बसून ती नुसतं बोट दाखवत होती, हे इकडे, ते पालथं, अरे पालथं म्हणजे पालथं, नकाशा काढणाऱ्याला पालथं कळत नाही? एक खुंटी मोडलेली निघाली, ती ड्रायव्हरने उरलेल्या तुकड्यातून कोरून दिली. मग चादर सोडली. निम्मं विणलेलं कापड बाहेर आलं, निळं आणि राखाडी, घडीच्या जागी जरा फिकं. पुढचा ताणा पिवळटला होता. तिने फणी बसवली, ताणा ओढून घेतला. चार-पाच धागे पटपट तुटले. माझा जीव खालीवर. तिने जीभ दाताखाली धरून एकेक धागा जोडला, आणखी दोन तुटले, तेही जोडले. बायकोने चहाचे कप हातात तसेच धरले होते.

ताई नीट बसली. डावा पाय पट्टीवर ठेवला, चेहरा जरा आक्रसला, मग उजवा ठेवला. आणि तेव्हा मला आठवलं की मागाचा दणका काय असतो. जुन्या घरात जमीन हलायची, माझ्या वहीतली अक्षरं हलायची. आणि हे खांब मी पुरलेले, मी ठेचलेले, पोट निघालेले, वाकडे. मी धावत जाऊन मधला खांब दोन्ही हातांनी धरला. धोटा गेला. फणी आली. दणका माझ्या तळहातात शिरला, खांदा, मान, दातांपर्यंत. वर पत्रा किंचित वाजला. दुसरा दणका. तिसरा. मग तिला तिची गती सापडली आणि दणके एकामागून एक येऊ लागले, आणि विणलेल्या कापडाला लागून एक नवी पट्टी दिसू लागली, जुन्या निळ्याला चिकटून, मध्ये काहीच न झाल्यासारखी. मी रडत होतो की हसत होतो मलाच कळेना, बहुधा दोन्ही चालू होतं. बायको म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." मी हललो नाही.

"बाळ्या," ताई मागे न बघता म्हणाली, "सोड तो खांब."

"धरतो ना जरा."

"उभा आहे तो. तू सोडलास तरी उभा राहील."

मी चार बोटं काढली, अंगठा तेवढा ठेवला. तिने धोटा टाकला, दणका दिला. मग मी अंगठाही काढला.